ऑपरेशनचा निर्णय पेशंटबरोबर घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? बाहेर काय चालतं, नाशकात काय जमेल?

गोदाकाठ

नमस्कार. नाशिकमधल्या एका ४० खाटांच्या सर्जिकल हॉस्पिटलसाठी मराठी पत्रकं लिहायचं काम चालू आहे. संमतीपत्र तिथे आहेच. चार पानी, "सदर शस्त्रक्रियेतील संभाव्य गुंतागुंतीची मला पूर्ण कल्पना देण्यात आली असून" या छापाचं. पेशंट त्यावर सही करतो ती स्ट्रेचरवर बसून. हवंय ते त्याच्या आधीचं काहीतरी. जिथे दोन रस्ते आहेत तिथे ते दोन्ही पेशंटला कळावेत आणि त्याच्या म्हणण्याला जागा असावी.

विचारायचं ते असं. बाहेरच्या देशांत नेमकं काय करतात, म्हणजे डॉक्टर बोलतो कधी, काय सांगतो, हातात कोणता कागद देतो? आपल्याकडे कायद्याने किमान किती सांगणं भाग आहे? आणि पहिलं पत्रक स्तनाच्या कॅन्सरचं करायचंय: नुसती गाठ काढायची की पूर्ण स्तन. पेशंट शहरातले, तसेच सुरगाणा, पेठ, कळवण, मालेगावकडचे. ओपीडीत एका पेशंटला आठ-दहा मिनिटं मिळतात, हे धरून सांगा.

दुसरा_सल्ला

आधी एक घोळ सोडवून घ्या. संमती वेगळी, निर्णयातला वाटा वेगळा. संमतीत डॉक्टरने ठरवलेल्या एका गोष्टीला पेशंट हो किंवा नाही म्हणतो. ताटात एकच भाजी वाढायची आणि "चालेल ना?" विचारायचं, असा तो प्रकार. वाटा द्यायचा तर दुसरी भाजीही ताटात दिसली पाहिजे, आणि जेवायचंच नसेल तर काय होईल तेही सांगितलं पाहिजे.

ब्रिटनमध्ये वारं फिरलं ते मार्च २०१५ च्या माँटगोमेरी निकालाने. बाई मधुमेही, चणीने लहान, पोटातलं बाळ मोठं. अशा बाळंतपणात बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के असते. डॉक्टरने ते सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बायका सिझेरियन मागतील असं तिचं मत. खांदा अडकला, बाळाला कायमचं अपंगत्व आलं. तोपर्यंत इंग्लंड-स्कॉटलंडात कसोटी होती १९५७ च्या बोलॅम खटल्याची: इतर जबाबदार डॉक्टर जेवढं सांगतात तेवढं सांगितलं की पुरे. २०१५ पासून कसोटी अशी की या पेशंटच्या जागी असलेल्या समंजस माणसाला कशाचं महत्त्व वाटलं असतं, ते सांगा.

रोजच्या कामात तिथे चार प्रश्न वापरतात. फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, आणि काहीच केलं नाही तर काय? चौथा प्रश्न आपल्याकडे जवळपास कोणी उच्चारत नाही. तुमच्या पत्रकात तो ठळक अक्षरात घ्या. आणखी एक साधी गोष्ट उचलण्यासारखी आहे. ओपीडीनंतरचं पत्र फॅमिली डॉक्टरच्या नावाने न लिहिता थेट पेशंटच्या नावाने, साध्या भाषेत लिहावं, अशी तिथल्या डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजांच्या अकॅडमीने २०१८ मध्ये शिफारस केली. पत्र पेशंटला उद्देशून लिहायला बसलं की डॉक्टरची भाषा आपोआप जमिनीवर येते.

ऑस्ट्रेलियाने हेच बरंच आधी, १९९२ मध्ये म्हटलं. एका डोळ्याच्या ऑपरेशनमुळे दुसरा, चांगला डोळा जाण्याचा धोका १४,००० पैकी १ होता. पेशंटने दुसऱ्या डोळ्याला काही होणार नाही ना म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं होतं, तरी तो सांगितला गेला नाही. चांगला डोळा गेला. कोर्ट म्हणालं, सांगायला हवा होता. तेव्हा "एक टक्क्याच्या खालचं सांगायचं नाही" असा सरसकट नियम कोणी तुम्हाला दिला तर घेऊ नका. ज्याचा एकच डोळा चांगला आहे त्याच्यासाठी १४,००० पैकी १ हासुद्धा लहान आकडा नाही.

तुम्हाला सर्वांत उपयोगी पडेल तो जर्मनीचा कायदा. तिथल्या दिवाणी संहितेत २०१३ पासून कलम ६३०-ई आहे. समजावणं तोंडी झालं पाहिजे, कागद फक्त जोडीला. ते इतकं आधी झालं पाहिजे की पेशंटला विचार करून ठरवता येईल. त्याला कळेल अशा भाषेत झालं पाहिजे. आणि ज्या कागदावर सही घेतली त्याची प्रत त्याला द्यायची. स्ट्रेचरवरची तुमची सही या चारपैकी किती कसोट्यांना उतरते ते बघा. कीलच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१७ पासून याची पूर्ण घडीच बसवली. डॉक्टर पेशंटशी कसं बोलतात त्याचं व्हिडिओ चित्रण करून त्यांनाच दाखवायचं, पेशंटसाठी आजारवार माहिती तयार ठेवायची आणि काही नर्सना निर्णयात मदत करायचं शिक्षण द्यायचं.

नेदरलँड्समध्ये १९९५ चा उपचार-कराराचा कायदा २०२० मध्ये सुधारला. डॉक्टरने 'माहिती देणं' पुरत नाही, पेशंटशी सल्लामसलत करायची, त्याची परिस्थिती विचारायची आणि उपचार न करण्याचा रस्ताही मांडायचा. वेटिंग रूममध्ये तीन प्रश्नांची भित्तिपत्रकं असतात: माझ्यापुढे कोणते पर्याय, प्रत्येकाचे फायदे-तोटे काय, माझ्या परिस्थितीत त्याचा अर्थ काय. खर्च जवळजवळ शून्य. ओपीडीबाहेरच्या बाकासमोर उद्या लावता येईल.

अमेरिकेत फसलं कसं तेही पाहा. मेडिकेअर या सरकारी विम्याने धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या सीटी तपासणीसाठी २०१५ पासून अशी चर्चा सक्तीची केली. चर्चेची नोंद नसेल तर बिल मंजूर नाही. मग झालं काय? २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अशा १४ भेटींचं रेकॉर्डिंग ऐकलं. भेट सरासरी १३ मिनिटांची, त्यात या तपासणीबद्दलचं बोलणं सरासरी ५९ सेकंद. अभ्यास छोटा आहे, पण नोंदीला पैसे जोडले की नोंद होते, बोलणं होईलच असं नाही, हे त्यातून कळतं. पत्रक तयार झालं की तुमच्याकडेही "पत्रक दिले" असा शिक्का बनवायचा मोह होईल. बनवू नका.

कलम_कायदा

वरचं उत्तर चांगलं आहे, पण माँटगोमेरी अर्धाच सांगितला. २०२३ मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टाने मॅककलॉक खटल्यात हद्द आखून दिली: कोणते पर्याय मुळात वैद्यकीयदृष्ट्या रास्त आहेत हे डॉक्टरच ठरवणार, तिथे जुनीच व्यावसायिक कसोटी. जे रास्त ठरले त्यांची माहिती मात्र पेशंटच्या कसोटीने. म्हणजे पेशंटने नेटवर वाचलेला प्रत्येक उपाय पत्रकात यायलाच हवा असं नाही.

आता भारत. आधार एकच पक्का धरा: समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सर्वोच्च न्यायालय, जानेवारी २००८. दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिलेली ४४ वर्षांची बाई. भूल दिलेली असताना बाहेर तिच्या आईकडून सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. कोर्टाने म्हटलं की तपासणीची संमती उपचाराला चालत नाही. सज्ञान, शहाणीसुरती बाई भुलीत आहे म्हणून तिच्या वतीने आईला संमती देता येत नाही. जीव वाचवण्याची तातडी असेल तरच अपवाद, आणि इथे ती नव्हती.

किमान किती सांगायचं तेही याच निकालात आहे. उपचाराचं स्वरूप, हेतू आणि फायदा. दुसरे पर्याय असतील तर ते. मोठ्या धोक्यांची रूपरेषा. आणि उपचार नाकारला तर होणारं नुकसान. दूरान्वयाचे, निव्वळ पुस्तकी धोके सांगणं भाग नाही. कोर्टाने अमेरिकी पेशंटकेंद्री कसोटी मुद्दाम स्वीकारली नाही. आपली परिस्थिती वेगळी असं म्हणून डॉक्टरांच्या मान्य रीतीकडे झुकतं माप दिलं. म्हणून "भारतात माँटगोमेरी लागू" असं कुठे लिहू नका. पण चार मुद्दे नीट पाहा. ब्रिटनचे ते चार प्रश्न जवळजवळ हेच आहेत. पत्रक त्या चार मथळ्यांवर बांधलंत तर कायदाही सांभाळला जातो आणि पेशंटही.

आणखी एक जुना घोळ. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांत ७.१६ क्रमांकाखाली ऑपरेशनआधी "पती किंवा पत्नी, अल्पवयीन असल्यास पालक, किंवा स्वतः पेशंट, यथास्थिती" यांची लेखी संमती घ्या असं आहे. वाक्यरचना ढिली असल्याने बऱ्याच हॉस्पिटलांत त्याचा अर्थ "बाईचं ऑपरेशन, नवऱ्याची सही" असा रूढ झाला. सज्ञान आणि भानावर असलेल्या पेशंटची सही तिची स्वतःची. नवऱ्याची सही साक्षीदार म्हणून घ्या हवी तर, पण त्या ओळीत 'संमती देणार' लिहू नका. त्याच नियमात वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेसाठी मात्र नवरा-बायको दोघांची संमती मागितली आहे, तो भाग वेगळा. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते.

नोंद कशी करायची: केसपेपरवर तीन ओळी, डॉक्टरच्या हाताने. कोणते पर्याय सांगितले, पेशंट काय म्हणाली (तिच्या शब्दांत), काय ठरलं. "रेडिएशनला रोज येणं जमणार नाही, सुनेचं बाळंतपण आहे, म्हणते" ही एक ओळ चार छापील पानांपेक्षा कोर्टात जास्त बोलते. पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर त्याच आचारनियमांप्रमाणे ७२ तासांत द्यायचं आहे. आणि महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ च्या सुधारणेने रुग्णहक्कांची सनद आली आहे, ती दर्शनी भागात लावायची. पत्रकाचा मजकूर तिच्याशी विसंगत नाही ना, ताडून घ्या.

दाखल होतानाच कोऱ्या संमतीपत्रावर सही घेऊन ठेवण्याची पद्धत असेल तर ती आधी बंद करा. पत्रक त्यानंतर.

शंभरातले_तीन

स्तनाच्या पत्रकाबद्दल. ए-फोर कागदाच्या दोन बाजू, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. डावीकडे 'गाठ काढणं आणि रेडिएशन', उजवीकडे 'पूर्ण स्तन काढणं', आणि प्रत्येक आडव्या ओळीत एक प्रश्न. प्रश्न बाईच्या तोंडचे: मी किती जगेन? परत येईल का? किती दिवस हॉस्पिटल? रेडिएशन किती दिवस? परत ऑपरेशन लागेल का? दिसेल कसं? हात उचलता येईल का? उभ्या परिच्छेदांचं पत्रक कोणी वाचत नाही.

सगळ्यात वर एक वाक्य: "खालचे दोन्ही रस्ते तुम्हाला चालतील असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल तरच हा कागद वाचा." हे नसेल तर कागद चुकीच्या हातात जातो. स्तनात वेगवेगळ्या भागांत गाठी, छातीवर आधी रेडिएशन झालेलं, गरोदरपण, किंवा स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी, अशा वेळी नुसती गाठ काढण्याचा पर्याय बहुधा खुला नसतो. (गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करून मग गाठ काढणं हा तिसरा रस्ता असू शकतो. तो पत्रकात कोंबू नका, डॉक्टरला बोलू द्या.)

पहिली ओळ आयुष्याची. अमेरिकेतल्या १,८५१ बायकांच्या आणि मिलानमधल्या ७०१ बायकांच्या अभ्यासांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. दोन्हींत आयुष्यमान सारखं. इथे 'जवळपास' घालू नका, 'सारखं' लिहा. बहुतेक घरांत समजूत असते की जास्त काढलं म्हणजे जास्त सुरक्षित, आणि एक सैल शब्द ती समजूत पुन्हा उभी करतो.

दुसरी ओळ त्याच स्तनात किंवा त्याच जागी परत येण्याची. मिलानच्या आकड्यांत २० वर्षांत गाठ काढलेल्या १०० पैकी ९ जणींना, पूर्ण स्तन काढलेल्या १०० पैकी २ जणींना. ते ऑपरेशन १९७० च्या दशकातलं, आजचे आकडे कमी आहेत. "याहून कमी" असं लिहून चालेल, पण फरक लपवू नका. रेडिएशन टाळलं तर काय, हे अमेरिकी अभ्यासातून येतं: रेडिएशन घेतलेल्या १०० पैकी १४ जणींना परत आला, न घेतलेल्या १०० पैकी ३९ जणींना. म्हणून "गाठ काढते, पण लाईट (म्हणजे रेडिएशन) नको" हा रस्ता सहसा पर्यायच नाही. अपवाद आहेत, सत्तरीपुढच्या, हार्मोनच्या गोळीला दाद देणाऱ्या छोट्या गाठीत रेडिएशन सोडता येतं. तो डॉक्टरने तोंडी सांगायचा.

तिसरी ओळ दिवसांची, आणि तुमच्या पेशंटसाठी हीच निर्णायक. पूर्वी २५ दिवस, पाच आठवडे. आता ४० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप) १५ वेळांत, तीन आठवडे, हे रुळलेलं आहे. आणि २०२० पासून २६ ग्रे ५ वेळांत, एका आठवड्यात, यालाही आधार आहे. तुमचं हॉस्पिटल ज्या सेंटरला पाठवतं तिथे यातलं कोणतं वेळापत्रक चालतं ते फोन करून विचारा आणि तोच आकडा छापा. पाच आठवडे धरून सुरगाण्याची बाई पूर्ण स्तन काढायला तयार होते. तीन आठवडे, किंवा एक, असं कळलं आणि पंचवटीत कोणा नातलगाकडे राहता आलं, तर तिचं उत्तर बदलू शकतं. जुन्या आकड्यावर घेतलेला निर्णय हा निर्णय नव्हे.

चौथी ओळ: गाठ काढल्यावर कडेला पेशी राहिल्या तर दुसरं ऑपरेशन. इंग्लंडच्या मोठ्या पाहणीत (२०१२) साधारण ५ पैकी १ बाईला लागलं. हे आधी सांगितलं नाही तर नंतर "डॉक्टरने पहिल्यांदा नीट केलं नाही" असं होतं.

तळाला तीन समजुती आणि त्यांची उत्तरं. "पूर्ण काढलं की रेडिएशन टळतं": नेहमी नाही, काखेत चार किंवा जास्त गाठींत कॅन्सर निघाला तर पूर्ण काढूनही रेडिएशन लागतं. "पूर्ण काढलं की केमो टळते": केमो गाठीच्या जातीवर आणि टप्प्यावर ठरते, किती कापलं यावर नाही. "सुरी लागली की पसरतो": नाही. तिसरी समजूत लेखी उत्तरात घ्याच, कारण ओपीडीत ती कोणी मोठ्याने बोलत नाही. घरी बोलतात.

आकडे लिहायची रीत. छेद एकच ठेवा, सगळं १०० पैकी. एका ओळीत "२० पैकी १" आणि पुढच्या ओळीत "१०० पैकी ३" लिहिलं की लोक ३ ला मोठं धरतात. दोन्ही बाजू लिहा: "९ जणींना परत आला, ९१ जणींना नाही." शेजारी शंभर गोलांची चौकट, दहा बाय दहा, त्यात ९ काळे. "धोका निम्मा होतो" असं कधी लिहू नका. चाराचे दोन झाले तरी निम्मा आणि चाळीसचे वीस झाले तरी निम्मा. आणि 'क्वचित', 'कधीकधी' हे शब्द पूर्ण टाळा. युरोपातल्या औषधांच्या चिठ्ठीत 'नेहमी आढळणारा' दुष्परिणाम म्हणजे १०० पैकी १ ते १० जणांना, आणि वाचणाऱ्याला मात्र तो निम्म्या लोकांना होतो असं वाटतं.

कॅथलॅब_सातपूर

दोन गोष्टी, एक विरोधाची.

सगळीकडे हे गाडं नेऊ नका. हार्ट अटॅक चालू आहे, ईसीजी बदललाय, तिथे पर्यायांचं पत्रक काढत बसणं म्हणजे स्नायू जाऊ देणं. फुटलेलं अपेंडिक्स, उघडं फ्रॅक्चर, तसंच. तिथे काय करतोय आणि का, एवढं दोन वाक्यांत सांगायचं, सही घ्यायची, आत जायचं. ओपीडीच्या सत्तर पेशंटांपैकी खरे दोन रस्ते असलेले फार तर पाच-सहा असतील. पत्रक त्यांच्यासाठी.

आणि जिथे ते सगळ्यात जास्त लागतं तिथेच ते नसतं: अँजिओग्राफीच्या टेबलावर. पेशंट आत झोपलेला, हातात नळी, बाहेरून मुलाला बोलावून स्क्रीन दाखवायची, "ही बघा, ९० टक्के बंद. आत्ताच स्टेंट टाकूया की परत आणणार?" त्या क्षणी कोणीही 'टाका' म्हणणार. ही विचारण्याची जागाच चुकीची आहे. चालताना छातीत दुखतं, पण अटॅक नाही, अशा स्थिर दुखण्यात ५,१७९ पेशंटांच्या इस्केमिया अभ्यासात (२०२० मध्ये छापून आला, भारतातले पेशंटही होते) असं दिसलं की औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने सरासरी तीन वर्षांत मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. दुखणं मात्र कमी झालं, ज्यांना वारंवार दुखायचं त्यांचं जास्त. डावी मुख्य धमनी अडलेली किंवा हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांखाली असलेले पेशंट त्या अभ्यासात नव्हते, त्यांना हे लागू नाही.

म्हणून बोलणं अँजिओग्राफीच्या आदल्या ओपीडीत करायचं, आणि "जर-तर" असं: मुख्य धमनीत निघालं तर अमुक, एकाच फांदीत निघालं तर थांबून गोळ्यांवर तीन महिने बघायचं की तिथेच स्टेंट, तुमचं काय म्हणणं? उत्तर केसपेपरवर. मग टेबलावर मुलाला विचारायची वेळच येत नाही. तुमच्या सर्जिकल हॉस्पिटलातही हाच सापळा आहे: दुर्बीण आत टाकल्यावर काहीतरी वेगळं दिसतं आणि थिएटरबाहेर सही घ्यायला कोणीतरी धावतं. समीरा कोहली प्रकरण नेमकं तिथेच घडलं.

वेळेचा बाऊ करू नका, आकडा आहे. निर्णयाच्या पत्रकांवरच्या २०९ अभ्यासांचा २०२४ चा कॉक्रन आढावा सांगतो की पत्रक भेटीतच वापरलं तर भेट साधारण दीड मिनिटाने वाढते; आधी घरी दिलं तर वाढत नाही. म्हणून ते बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट द्यायच्या दिवशी हातात द्या, निर्णय चार-सहा दिवसांनी. स्तनाच्या कॅन्सरला एवढे दिवस थांबल्याने काही बिघडत नाही, हेही सांगावं लागतं. नाहीतर लोक दुसऱ्याच दिवशी ॲडमिट व्हायला येतात.

गोदाकाठ

खूप उपयोगी. कोऱ्या सह्यांचा विषय संचालकांपुढे काढतो. दोन अडचणी राहिल्या. नातेवाईक बाहेर गाठून म्हणतात, "आईला कॅन्सर शब्द सांगू नका, खचेल." आणि दुसरं, पेशंटच म्हणते, "डॉक्टर, तुम्ही म्हणाल ते. मला काय कळतंय?"

वॉर्ड_बारा

समुपदेशनाच्या बाजूने सांगते.

नातेवाइकांचा प्रश्न फक्त आपला नाही. जपानमध्येही दीर्घकाळ कॅन्सर आधी घरच्यांना सांगायची पद्धत होती. १९९७ मध्ये तिथल्या वैद्यकीय सेवेच्या कायद्यात समजावून सांगण्याची जबाबदारी आली आणि हळूहळू उलटं झालं. फ्रान्सने २००२ च्या कायद्यात मधला रस्ता काढला: पेशंटने लेखी एक 'विश्वासातली व्यक्ती' नेमायची, ती भेटीला सोबत बसते. निवड पेशंटची. आपल्याकडे सोबत येतो तो मोठा मुलगा किंवा दीर, म्हणजे निवड घराची. पहिल्याच भेटीत, बायोप्सी व्हायच्या आधी, बाईला एकटीला विचारा: "रिपोर्ट आला की तुम्हाला स्वतःला सगळं ऐकायचंय, की घरातल्या कोणाला सांगू? कोणाला?" ती म्हणेल "लेकीला सांगा", तर लेकीला. हे उत्तर लिहून ठेवलं असलं की बाहेर गाठणाऱ्या दिराला सांगता येतं: "त्यांनी स्वतःच ऐकायचंय म्हणून सांगितलंय." रिपोर्ट आल्यावर हा प्रश्न विचारला तर उशीर झालेला असतो, तेव्हा प्रश्नातच उत्तर दिसतं.

"तुम्ही म्हणाल ते" याचे दोन अर्थ असतात आणि ते वेगळे काढावे लागतात. एक, खरंच डॉक्टरवर सोपवायचंय. तो तिचा हक्क आहे, जबरदस्तीने निवडायला लावणं हीसुद्धा जबरदस्तीच. दोन, काही कळलेलं नाही आणि विचारायची लाज वाटते. ओळखायला सोपी युक्ती: निवड विचारू नका, आयुष्य विचारा. "घरी कोण कोण? स्वयंपाक-धुणं कोण करतं? रानात जाता? रोज यायचं झालं तर सोबत कोण येईल?" दिंडोरी-निफाडकडची बाई सांगेल की द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत घरातला एकही माणूस तिच्यासोबत रोज नाशकात येऊ शकत नाही. कोणी म्हणेल, "डॉक्टर, अंग अर्धं करून जगायचं नाही मला." हे कळल्यावर डॉक्टरने शिफारस करावी, जरूर करावी, पण "तुम्ही असं म्हणालात म्हणून" अशी सुरुवात करून. पर्याय मांडून "आता तुमचं तुम्ही ठरवा" म्हणून मोकळं होणारे डॉक्टर मला जास्त धोक्याचे वाटतात. ती पेशंटला वाऱ्यावर सोडायची सभ्य पद्धत आहे.

"समजलं ना?" हा प्रश्न बंद. उत्तर नेहमी "हो". त्याऐवजी: "घरी गेल्यावर सासूबाई विचारतील डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?" मग ती सांगायला लागते आणि नेमकं काय निसटलं ते दिसतं. बहुतेक वेळा "लाईट" निसटलेली असते. चुकलं तर "मी नीट सांगितलं नाही, परत सांगते" म्हणायचं. तिची परीक्षा चालली आहे असं वाटता कामा नये.

शेवटी आम्ही कॅनडातल्या ओटावाचे चार प्रश्न विचारतो, उत्तर फक्त हो किंवा नाही: तुमच्यासाठी कोणता रस्ता बरा याची खात्री आहे का? दोन्हीतले फायदे-तोटे कळलेत का? तुमच्यासाठी कशाचं महत्त्व जास्त ते स्पष्ट आहे का? ठरवायला सोबत, सल्ला पुरेसा आहे का? एकही 'नाही' आला तर तारीख देऊ नका, परत बोलवा. एक मिनिट लागतं, नर्स विचारू शकते.

भाषा: सुरगाणा-पेठच्या बऱ्याच घरांत कोकणा बोलतात, बागलाण-मालेगावकडे अहिराणी. वेगळी पत्रकं छापायची गरज नाही, शंभर गोलांची चौकट कोणत्याही भाषेत चालते. पण दुभाषी म्हणून पेशंटच्या मुलाला उभं करू नका. तो 'कॅन्सर' शब्द गिळतो आणि बाकीचं भाषांतर करतो. वॉर्डातली मावशी किंवा गावची आशाताई बरी, पेशंटची हरकत नसेल तर.

गोदाकाठ

आशाताईंचं डोक्यातच आलं नव्हतं. पत्रकाची पहिली ओळ अशी लिहिली आहे, बघा: "दोन्ही उपचारपद्धतींमध्ये जगण्याचा कालावधी सारखाच आढळून आला आहे. गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सर्ग उपचार अनिवार्य आहे."

शंभरातले_तीन

'किरणोत्सर्ग' काढा, तो शब्द अणुभट्टीचा आहे, बाई घाबरेल. पेशंट 'लाईट' म्हणतात, काही जणी 'शेक'. 'शेक' लिहू नका, गरम पाण्याच्या पिशवीचा समज होतो. "गाठ काढली तर त्यानंतर लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यावी लागते. रोज एकदा. मशीनखाली काही मिनिटं झोपायचं, त्या वेळी दुखत नाही. एकूण __ दिवस, शनिवार-रविवारी सुट्टी." रिकामी जागा सेंटरला फोन करून भरा. आणि 'अनिवार्य' नको. त्या एका शब्दाने कागद पुन्हा संमतीपत्रासारखा वाचला जातो.

वॉर्ड_बारा

"त्या वेळी दुखत नाही" याच्या पुढे जोडा: "पुढे-पुढे त्वचा लाल होते, जळजळते, थकवा येतो. बहुतेकींचं काही आठवड्यांत कमी होतं." नाहीतर दहाव्या दिवशी त्वचा काळवंडली की बाई घाबरून यायचीच थांबते, आणि पंधरापैकी पाच वेळा राहून जातात.

गोदाकाठ

दोन्ही घेतलं. दिवसांचा आकडा सोमवारी विचारून भरतो.